साक्रीचा शोध कोठे घ्यावा? : खानदेशातील ग्रंथसंग्रह आणि संशोधक-विद्यार्थी

मुंबई सरकारने जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली जी गॅझेटियरमाला काढली, तिचा बारावा खंड खानदेशाचा असून तो १८८० साली प्रसिद्ध झाला. जिल्ह्याच्या तत्कालीन सोळा तालुक्यांची जमीन, पाणी, वस्ती आणि सारा यांची माहिती त्यात दिलेली आहे. साक्री परिसरातून पदवी घेऊन पदव्युत्तर वर्गात आलेला विद्यार्थी आपल्या तालुक्याचा इतिहास लिहावयास बसला, तर त्याने प्रथम या खंडाकडे वळावे हे स्वाभाविकच होय. परंतु सोळा तालुक्यांच्या त्या यादीत त्यास अमळनेर सापडेल, शहादे, तळोदे, नंदुरबार सापडतील. साक्री तालुका मात्र सापडणार नाही. पुष्कळ विद्यार्थी येथेच ग्रंथ मिटतात आणि 'जुन्या साधनांत साक्रीची माहिती उपलब्ध नाही' असे वाक्य प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहून मोकळे होतात.

माहिती उपलब्ध आहे; ती निराळ्या नावाखाली आहे इतकेच. आज ज्यास साक्री तालुका म्हणतात त्या भागाचे वर्णन १८८० च्या खंडात 'पिंपळनेर' या मथळ्याखाली आलेले आहे. त्याचप्रमाणे शिंदखेड्याकडील भाग 'विरदेल' या नावाने शोधावा लागतो. पुढे १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले व हा मुलूख पश्चिम खानदेशात गेला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर पश्चिम खानदेशास धुळे व पूर्व खानदेशास जळगाव ही नावे मिळाली, आणि १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्यापूर्वीच्या काळात शिरावयाचे तर अकबराने १६०१ साली असीरगड घेतल्यानंतर शाहजादा दानियालच्या नावावरून या सुभ्यास 'दांदेश' म्हणू लागले हे ठाऊक असावे लागते, आणि त्याच्याही मागे यादवांच्या काळातील 'सेउणदेश' आहे. एकाच भूमीसाठी इतकी नावे असता ग्रंथालयात जाऊन केवळ 'साक्री' हा शब्द विचारणाऱ्यास ग्रंथपालाने काय द्यावे?

नावांचा हा गुंता केवळ शोधण्यापुरता नाही. नावाबरोबर सीमाही हलत असतात. पिंपळनेर तालुक्याचे शिरगणतीचे आकडे घेऊन त्यांशेजारी नंतरच्या साक्री तालुक्याचे आकडे मांडले आणि लोकसंख्येची वाढ किंवा घट काढली, तर गणित बरोबर येऊनही निष्कर्ष चुकण्याचा संभव असतो, कारण दोन्ही आकडे एकाच क्षेत्राचे आहेत हे कोणी सिद्ध केलेले नसते. गावांची यादी गावांच्या यादीशी ताडून पाहणे हा त्यावरील उपाय होय. तो कंटाळवाणा आहे, आणि तो कोणत्याही तयार पुस्तकात मिळत नाही.

ग्रंथालयाचा उपयोग शिकविणे म्हणजे विद्यार्थ्यास कपाटांची ओळख करून देणे, वर्गांकांचा तक्ता समजावून सांगणे आणि पुस्तक मागणीचा नमुना भरावयास लावणे, अशी समजूत दीर्घकाळ चालत आलेली आहे. खानदेशातील ग्रंथसंग्रहांचा इतिहास पाहिला असता या समजुतीचा अपुरेपणा ध्यानात येतो. येथील संग्रह ज्यांनी निर्माण केले ते स्वतः शोध घेणारे होते. संग्रहाची रचना त्यांच्या शोधाच्या गरजेतून झाली. त्या रचनेमागील हेतू कळल्याखेरीज तिचा उपयोग करता येत नाही.

या प्रदेशात विद्येसाठी नेमून दिलेल्या संस्थेचा एक पुरावा तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. चाळीसगावाजवळील पाटण येथील शिलालेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा असून त्यात निकुंभ वंशातील सोइदेव व हेमाडिदेव या बंधूंचा उल्लेख येतो. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'चे व त्यांच्या कुळातील इतरांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने मठ स्थापिला व त्यास राजाश्रयाने उत्पन्न लावून देण्यात आले, असे हा लेख सांगतो. एका विशिष्ट ग्रंथसमूहाच्या अभ्यासासाठी नेमणूक करून दिलेली संस्था म्हणून या मठाकडे पाहिले, तर त्यास आजच्या परिभाषेत विशेष संशोधन-केंद्र म्हणावयास हरकत नाही. मठ नाहीसा झाला. तेथे कोणत्या पोथ्या होत्या याची यादी उरली नाही. उरला तो दगडावरील लेख.

तो लेख विद्वानांपुढे आला त्याची हकीकत संशोधनाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. मुंबईचे धन्वंतरी डॉ. भाऊ दाजी लाड हे प्राचीन ज्योतिषकारांच्या कालनिर्णयाचा विचार करीत होते. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल व भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचा काळ व खरेपणा यांविषयीचा त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८६५ साली छापून आला. पाटणच्या लेखाचा उपयोग त्यात केलेला आहे. पुढे कीलहॉर्न यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात त्याचे पुन्हा संपादन केले. म्हणजे भास्कराचार्यांच्या कुळाविषयीचे हे प्रमाण प्रथम ज्योतिषाच्या निबंधात आले, मग शिलालेखांच्या खंडात गेले. खानदेशाचा इतिहास म्हणून कपाटातील जो भाग दाखविला जातो त्यात ते नसण्याचा संभवच अधिक. शिवाय या लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असला, तरी मठास मिळावयाच्या उत्पन्नाची कलमे देणारा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावर मठाचा हक्क किती, हे सांगताना लेखकास लोकांची भाषा वापरावी लागली. मराठीच्या जुन्या रूपांचा अभ्यास करणाऱ्यास या काही ओळी मोलाच्या आहेत. पण त्या ज्योतिष, राजवंश व धर्मदाय अशा तीन विषयांच्या आड दडलेल्या आहेत. विषयवार कपाटे पाहत गेलेल्या विद्यार्थ्यास त्या भेटत नाहीत. एका लेखातील तळटीप धरून दुसऱ्या लेखाकडे जाण्याची सवय ज्यास लागली आहे त्यास भेटतात.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यापाशी ही सवय वेडाच्या कोटीपर्यंत पोहोचलेली होती. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. त्यासाठी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरील व तळघरांतील दप्तरे उघडून त्यांनी कागद गोळा केले. पुण्यास १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले त्यातही त्यांचा पुढाकार होता. आयुष्याच्या उत्तरकाळात त्यांचे वास्तव्य धुळ्यास राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेला कागदपत्रांचा, पोथ्यांचा आणि टिपणांचा संग्रह सांभाळण्यासाठी धुळ्याच्या मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ उभारले. साक्रीहून धुळे सुमारे पन्नास किलोमीटर आहे. महाराष्ट्रातील फार थोड्या तालुक्यांच्या विद्यार्थ्यांस अशा दर्जाचा मूळ साधनांचा संग्रह इतक्या जवळ लाभला असेल.

राजवाड्यांच्या टिपणांचे पुढे काय झाले, हे येथे विशेष पाहण्यासारखे आहे. मराठी धातूंविषयीची त्यांची सामग्री कृ. पां. कुलकर्णी यांनी संपादिली व 'राजवाडे मराठी धातुकोश' या नावाने मंडळाने १९३७ साली प्रसिद्ध केली. 'राजवाडे नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' १९४२ साली निघाला. एका संशोधकाने आयुष्यभर केलेली टिपणे दुसऱ्याच्या हाती कोशरूपास येऊ शकली, याचे कारण ती टिपणे जपली गेली हे तर आहेच. पण ती दुसऱ्यास वाचता येण्याजोगी होती हेही आहे. विद्यार्थ्याच्या वहीस ही कसोटी लावून पाहावी. आपण केलेले टिपण दहा वर्षांनी अपरिचित मनुष्याच्या हाती गेले, तर त्यास त्यातील शब्द कोणत्या ग्रंथातून, कोणत्या पृष्ठावरून, कोणत्या गावच्या कोणा वक्त्याकडून घेतला हे समजेल काय? बहुतेक वह्या या परीक्षेत उतरत नाहीत. व्युत्पत्तीच्या बाबतीत राजवाड्यांची अनेक मते आज भाषाभ्यासकांस मान्य होण्यासारखी नाहीत. संस्कृत धातूपर्यंत ओढून नेण्याची त्यांची हौस कित्येकदा पुराव्याच्या पुढे धावते. तथापि मत सोडून देऊन सामग्री घेता येते, आणि असे करता यावे म्हणूनच सामग्री व मत यांची नोंद वेगवेगळी असावी लागते.

ज्या राजवाड्यांनी साधनांचा आग्रह धरला त्यांच्याच कार्यात या तत्त्वाचा एक दुःखद अपवादही आहे. त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची जी प्रत छापली तिचा आधार एक जुनी पोथी होती, आणि त्या पोथीतील रूपांवरून त्यांनी 'ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण' हा ग्रंथ रचला. ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांस पाहावयास मिळाली नाही. त्यामुळे छापील प्रतीतील अमुक रूप पोथीतलेच की वाचनातले, हा प्रश्न उपस्थित झाला की वाद तेथेच अडतो. राजवाड्यांच्या विद्वत्तेविषयी ज्यास पूर्ण आदर आहे त्यासही एवढे मान्य करावे लागते, की न दिसणाऱ्या पोथीवर उभे केलेले व्याकरण पडताळता येत नाही. मूळ पाहण्याची सोय उपलब्ध ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्य किती मोठे आहे, हे शिकविण्यास याहून ठळक उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

धुळ्यातील दुसरा मोठा संग्रह शंकर श्रीकृष्ण देव यांच्या श्रमाचे फळ होय. समर्थ रामदास व त्यांचा संप्रदाय हा एकच विषय धरून त्यांनी मठामठांतून बाडे मिळविली. सत्कार्योत्तेजक सभा व पुढे समर्थ वाग्देवता मंदिर या संस्थांच्या द्वारे तो संग्रह टिकला. समर्थांच्या हातची म्हणून मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रत तेथे आहे आणि पाहुण्यांस बहुधा तीच दाखविली जाते. संशोधकास मात्र नाव नसलेल्या बाडांत अधिक काम आहे. एकेका बाडात अभंग, आरत्या, औषधांच्या कृती, पत्त्यांच्या नोंदी व हिशेब एकत्र बांधलेले असतात. सूचीत त्याची नोंद पहिल्या किंवा मुख्य रचनेच्या नावाने होते आणि उरलेला मजकूर जणू अदृश्य होतो. सूची ही वाट दाखविते, पण ती कोणाच्या तरी दृष्टीने तयार झालेली असते. देवांची दृष्टी समर्थभक्ताची होती, औषधांच्या कृतींवर ती फारशी थांबणार नव्हती. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर १९१६ पासूनचे. तेथे प्रतापशेठ यांच्या दातृत्वाने ग्रंथालय, निवास व अभ्यासवृत्ती या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या. विषय तत्त्वज्ञानाचा असल्यामुळे त्याचा येथे इतकाच निर्देश पुरे.

सूचीचा उपयोग किती कल्पकतेने करता येतो हे पाहावयाचे असल्यास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांचे लेखन चाळावे. हस्तलिखित विभागाचे अभिरक्षक म्हणून त्यांनी चार दशके काम केले. काव्याची पोथी काव्यासाठी आणि वैद्यकाची पोथी वैद्यकासाठीच वाचावी हा निर्बंध त्यांनी मानला नाही. पोथीच्या शेवटी लेखकाने घातलेला शक, ग्रंथात सहज आलेला एखादा पदार्थ, एखादे फळ, एखादे यंत्र यांवर नजर ठेवून त्यांनी तंबाखू, चष्मे, शोभेची दारू यांसारख्या विषयांचा कालानुक्रमे इतिहास उभा केला. त्यांच्या लेखात पल्लेदार सिद्धान्त क्वचित आढळतात; तारखा व उतारे मात्र इतके नेमके असतात, की त्यांच्याशी मतभेद असणारा मनुष्यही त्यांचेच लेख उघडून बसतो.

भाषेच्या विद्यार्थ्यास साक्री परिसरात याहूनही नाजूक अडचण येते. हा विद्यार्थी घरी अहिराणी बोलतो. तालुक्याच्या पश्चिमेकडील असेल तर कोकणी म्हणजे कोकणा जमातीची बोली, मावची किंवा भिल्लांची बोली त्याच्या कानावर लहानपणापासून असते. आपल्या बोलीचे पूर्वी कोणी वर्णन केले आहे काय, हे पाहण्यासाठी तो ग्रियर्सन यांच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'कडे जातो. मराठीचा म्हणून सातवा खंड आहे; तो १९०५ साली निघाला. त्यात कोकणातील, वऱ्हाडातील, नागपुराकडील बोलींचे नमुने आहेत. खानदेशीचे स्वतंत्र प्रकरण त्यात नाही. ते नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आहे. हा भाग १९०७ चा, आणि त्याचे शीर्षक भिल्ल भाषांचे असून खानदेशी व बंजारी यांचा त्यात समावेश केलेला आहे. दोन्ही खंडांच्या रचनेत नॉर्वेचे पंडित स्टेन कोनौ यांचा मोठा वाटा होता. तेव्हा खानदेशी एका खंडातून दुसऱ्यात गेली ती नजरचुकीने नव्हे, विचारपूर्वक.

तो विचार योग्य होता काय? अहिराणीत 'माझा' याऐवजी 'मना' येते, षष्ठीचा प्रत्यय 'ना-नी-नं' असा चालतो, आणि 'आहे' या अर्थी 'शे' हे रूप आहे. ही रूपे गुजराती व भिल्ली यांच्याकडे बोट दाखवितात. उलट चतुर्थीचा 'ले' प्रत्यय पाहावा: अहिराणीतील 'माले' वऱ्हाडीतील 'मले' याच्या शेजारी बसते. 'डोळा' याचे 'डोया' होते, म्हणजे 'ळ' या वर्णाच्या जागी 'य' येतो. हीच प्रवृत्ती जळगाव-वऱ्हाडाकडेही आढळते. एक लक्षण पश्चिमेस ओढते, दुसरे पूर्वेस. कोणत्या लक्षणास किती वजन द्यावे यावर बोलीचे कूळ ठरणार. आणि एकदा ते ठरले की त्याप्रमाणे ग्रंथाचा खंड, कपाट व वर्गांक हेही ठरणार. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठीचा अंक ४९१.४६ आहे, गुजराती व तिच्याबरोबर भिल्ली यांचा ४९१.४७. साक्रीच्या विद्यार्थ्याची मातृभाषा या दोन अंकांच्या मधल्या फटीत राहते. ग्रंथालयाची मांडणी ही केवळ सोय नसून तीत एक सिद्धान्त गृहीत धरलेला असतो, ही गोष्ट व्याख्यानाने पटत नाही इतकी या एका उदाहरणाने पटते.

ग्रियर्सन यांच्या नमुन्यांविषयीही सावधगिरी हवी. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा हा ठराविक मजकूर जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांच्या मार्फत बोलीत भाषांतर करून घेतलेला होता. भाषांतरात मूळ वाक्यरचनेची छाया पडते. शिवाय भाषांतर करणारा लिहितावाचता, म्हणजे मराठी शाळेतून गेलेला. त्या नमुन्यात एखादे रूप मिळाले नाही म्हणून ते बोलीत नव्हते असे म्हणता येत नाही. नंतरच्या काळात अ. म. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची जी ग्रंथमाला चालविली तिचा आरंभ १९६३ साली दक्षिण कानडातील कोंकणीपासून झाला. रमेश सूर्यवंशी यांनी १९९० नंतरच्या दशकात अहिराणीचा भाषावैज्ञानिक अभ्यास व शब्दकोश सिद्ध केला. गणेश देवी यांच्या प्रेरणेने झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्रविषयक खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ साली प्रसिद्ध झाला. २०११ च्या शिरगणतीत खानदेशी या गटाखाली, अहिराणी व आणखी काही बोली धरून, सुमारे १८ लाख ६० हजार भाषकांची नोंद आहे. या आकड्याचा अर्थ लावतानाही पुन्हा तोच प्रश्न: गणतीदारास आपली भाषा 'मराठी' अशी सांगणारे अहिराणी भाषक या आकड्यात नाहीत. ते किती, हे शिरगणतीच्या कोणत्याही तक्त्यात मिळणार नाही.

विद्यापीठाच्या पातळीवर खानदेशातील विद्यार्थ्याचे ग्रंथालय वेळोवेळी दूर किंवा जवळ गेले आहे. आरंभी मुंबई विद्यापीठ होते. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर येथील महाविद्यालये त्याच्या क्षेत्रात आली आणि चार दशके साक्रीच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ-ग्रंथालय म्हणजे तीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील जयकर ग्रंथालय, अशी स्थिती राहिली. जळगाव येथे १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. २०१८ पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. अंतर कमी झाले हे खरे. परंतु पुण्याच्या काळात अंतरामुळे एक गोष्ट आपोआप घडत असे: तेथे जाणारा विद्यार्थी काय पाहावयाचे याची यादी घरून करून नेत असे, कारण दुसरी खेप परवडणारी नव्हती. ग्रंथालय जवळ आल्यावर ही पूर्वतयारी सुटली असेल, तर तो दोष ग्रंथालयाचा नव्हे.

यादी कशावरून करावी? शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'वरून, असे पूर्वीचा कोणताही अध्यापक सांगत असे. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथ आले असून दुसऱ्या भागाने ती मर्यादा १९५० पर्यंत आणली. नियतकालिकांची सूची तिच्या जोडीस आहे. विषयाचा आवाका किती, त्यात पूर्वी कोणी काय लिहिले आहे, आणि कोणता ग्रंथ प्रथम कोणत्या साली निघाला, हे या सूचींवरून तासाभरात कळते. तरीही पदव्युत्तर वर्गातील कित्येकांनी दाते सूची हाताळलेली नसते, मग उघडून वाचण्याची गोष्ट दूरच. परीक्षेस पुरणारी मार्गदर्शके बाजारात मिळत असता सूची कोण पाहणार, हा प्रश्न वैतागाचा खरा, पण निराधार नव्हे. विद्यापीठ अनुदान मंडळाने डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली १९५७ साली नेमलेल्या ग्रंथालय समितीचा अहवाल १९५९ साली तयार झाला. वाचक व ग्रंथ यांची गाठ घालून देणारी संदर्भसेवा हा रंगनाथन यांच्या सर्व लेखनाचा गाभा होता. ग्रंथपाल हा भांडारी नसून अध्यापकाचा सहकारी होय, ही त्यांची भूमिका. महाविद्यालयांच्या वेळापत्रकात या सहकाऱ्यास तास मिळाला आहे असे क्वचितच दिसते.

आता साधनांची टंचाई पूर्वीसारखी राहिलेली नाही. अनुदानित महाविद्यालयांस एन-लिस्ट योजनेतून नियतकालिके व ग्रंथ मिळतात. विद्यापीठांस सादर झालेले प्रबंध 'शोधगंगा'वर वाचता येतात. केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजनेखाली शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी तेरा हजारांवर नियतकालिके खुली करण्यात आली आहेत. ग्रियर्सन यांचे खंड, मोल्सवर्थ यांचा कोश, जुनी गॅझेटियरे ही सर्व पडद्यावर पाहता येतात. परंतु पडद्यावरील शोध हा अक्षरांचा शोध असतो. 'अहिराणी' या शब्दाने शोधणाऱ्यास 'खानदेशी' या नावाखालील लेखन मिळत नाही. रोमन लिपीत तर या दोन्ही नावांची तीन-चार वर्णलेखने प्रचारात आहेत. जुन्या छापील पानांची चित्रे यंत्राने वाचून घेतली की स्वरांवरील मात्राचिन्हे गळतात, ट चा त होतो, ळ चा ल होतो. 'साक्री तालुका' विचारणाऱ्यास पिंपळनेरकडे नेणारा मनुष्य त्या शोधाच्या चौकटीत बसलेला नाही. १८८० च्या खंडापुढे बसलेल्या विद्यार्थ्याची जी अडचण, तीच येथे वेगाने पुन्हा उभी राहते. फरक एवढाच, की निरर्थक का होईना, शंभर उत्तरे मिळाल्यामुळे आपला शोध अयशस्वी झाला हे त्याच्या ध्यानात येत नाही.

या सर्व गोष्टी एकत्र आणणारे एक उदाहरण साक्री तालुक्यातच आहे. निजामपूरजवळील भामेर येथे किल्ला असून डोंगरात कोरीव लेणी आहेत. लोक त्यांस गवळी राजाची घरे म्हणतात. भामेरविषयी लिहिताना विद्यार्थी बहुधा तीन ग्रंथांचा हवाला देतो: १८८० चे गॅझेटियर, हेन्री कझिन्स यांची १८९७ ची मुंबई इलाख्यातील प्राचीन अवशेषांची सुधारलेली यादी आणि स्वातंत्र्यानंतर निघालेले धुळे जिल्ह्याचे गॅझेटियर. तीन ग्रंथांत एकच माहिती आली म्हणजे ती तिहेरी प्रमाणाने सिद्ध झाली, असे त्यास वाटते. वस्तुतः नवे गॅझेटियर स्थळवर्णनांत पुष्कळ ठिकाणी जुन्या खंडावर आधारलेले असते, आणि यादी करणारानेही आधीचे छापील साहित्य हाताशी ठेवलेले असते. तीन साक्षीदार आहेत की एकच साक्षीदार तीनदा बोलत आहे, हे ठरविण्यासाठी तिन्ही पाने शेजारीशेजारी ठेवून वाक्ये ताडून पाहावी लागतात. हे काम पदवीच्या विद्यार्थ्यासही एका दुपारी करता येते.

त्यापुढील पायरी अधिक मोहाची आहे. गवळी राजा म्हणजे आभीर राजा. नाशिकच्या लेण्यांत आभीर ईश्वरसेनाचा शिलालेख आहेच. आभीर म्हणजे अहीर. अहिरांची ती अहिराणी. सबब भामेरची लेणी अहिराणी बोलणाऱ्यांच्या पूर्वजांनी कोरली. ही साखळी ऐकावयास गोड आहे व भाषणांतून ती अनेकदा ऐकू येते. तिच्यातील प्रत्येक कडी वेगळ्या कपाटातून आलेली आहे. गवळी राजाची कथा ही लोकस्मृती असून ती महाराष्ट्रात अनेक किल्ल्यांशी व लेण्यांशी जोडलेली आढळते. ईश्वरसेनाचा लेख हा तिसऱ्या शतकातील राजकीय इतिहासाचा पुरावा आहे, आणि तो नाशिकचा आहे, भामेरचा नाही. आभीर व अहीर यांचा संबंध शब्दाच्या व्युत्पत्तीचा आहे. अहिराणी हे बोलीचे नाव जातिवाचक शब्दावरून पडले असले, तरी आज ती बोली अनेक जातींची आहे आणि तिची व्याकरणरूपे कोणत्याही एका जमातीच्या स्थलांतराची हकीकत सांगत नाहीत. चारही विधाने आपापल्या जागी विचारात घेण्यासारखी आहेत. त्यांच्यामधील 'म्हणजे', 'सबब' हे शब्द मात्र कोणत्याही साधनात नाहीत. ते विद्यार्थ्याने घातलेले आहेत.

बळसाण्याच्या मंदिरांविषयी असे मोहाचे काही नाही, म्हणूनच कदाचित तिकडे कोणी फिरकत नाही. साक्री तालुक्यातील या मंदिरसमूहाचे वर्णन कझिन्स यांच्या दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांविषयीच्या १९३१ च्या ग्रंथात आराखडे व छायाचित्रे यांसह दिलेले आहे. ग्रंथ विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा पडद्यावर पाहता येतो. मंदिरे गावात उभी आहेत. ग्रंथातील आराखडा हाती घेऊन कोणता खांब, कोणते शिल्प, कोणती भिंत आज जागेवर आहे आणि कोणती नाही याची तारीखवार नोंद करणे, आणि गावातील वृद्धांच्या तोंडी या मंदिरांची जी अहिराणी नावे आहेत ती उच्चाराप्रमाणे लिहून ठेवणे, एवढे काम तालुक्यातील एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधास पुरून उरेल.